गेमला गेम

पितृपक्षातल्या उन्हाला मांडवाच्या कापडाचा वास असतो. लग्नसराईभर गावोगाव फिरून आलेले पडदे, झालरी आणि कनाती ज्यांच्या गच्चीवर वर्षातून एकदा वाळत पडतात, त्यांनाच हे कळेल. कढीचे डाग, गुलाबपाणी, उदबत्ती, कुणाच्या तरी हळदीला पेटलेल्या भट्टीचा धूर आणि या सगळ्याच्या तळाशी बसलेला पोत्याचा ओलसर दर्प, असा तो वास जिना उतरून खाली येतो आणि घरभर होतो. आमच्या धंद्यात हा पंधरवडा रिकामा. कुणी मांडव घालत नाही. खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर चढून गोदामात गप्प उभ्या असतात. त्या रिकाम्या दिवसांत दुपारची जेवणं आटोपली, की मी आणि माझी धाकटी जाऊ सुनंदा पुढच्या खोलीत, भिंतीवरच्या टीव्हीसमोर फतकल मारून बसायचो आणि एकमेकींना बडवायचो.

बडवायचो ते गेममध्ये. विंचूरच्या अलीकडे एका द्राक्षबागायतदाराच्या बंगल्यावर लग्नाचं काम होतं. त्यांचा मुलगा परदेशी शिकायला गेलेला. पाहुण्यांसाठी त्याची खोली मोकळी करताना त्या घरच्या बाईंनी एक खोकं माझ्या दिरांच्या हातात दिलं, म्हणाल्या, घेऊन जा, इथे धूळच खातंय. खोक्यात टीव्हीला जोडायचा एक मोठा गेम होता, त्याचे दोन रिमोट होते आणि हातात धरून खेळायचा, स्वतःचाच छोटा पडदा असलेला दुसरा एक होता. दोन्हींत एकच खेळ: जपानी कार्टूनमधल्या माणसांची मारामारी. टोकदार केसांचे पोरगे, कमरेपर्यंत वेण्या सोडलेल्या मुली, तळहातातून निळा जाळ फेकणारे म्हातारे. त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. पुरुषांनी चार दिवस हाताळून तो सोडून दिला. आम्हा दोघींना मात्र तो चिकटला, तो चिकटलाच.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत बोलायची वेळ आली की घशात काहीतरी आडवं येतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हाही यायचं आणि आता माझी मुलगी लग्न होऊन जळगावला गेली तरीही येतं. त्या खेळात तोंड लागत नाही, म्हणून असेल, मी तिथे मोकळी व्हायचे. लढाई सुरू होण्याआधी सगळे लढवय्ये आपापल्या भाषेत काहीतरी ओरडतात. एकच बाई ओरडत नाही. राखी रंगाचा झगा, हातात काठी. ती नुसती कमरेत वाकते आणि उभी राहते. पहिल्याच दिवशी मी ती निवडली आणि पुढे कधी बदलली नाही. सुनंदाने तिचं नाव मुकी ठेवलं. तिचा स्वतःचा लढवय्या म्हणजे पहाडासारखा एक माणूस, खांद्यावर लोहाराचा घण, उठताबसता हसणारा.

"ताई, तुमची मुकी लय आतल्या गाठीची हाय," ती म्हणायची. "समोरचा दमला की मग हळूच मारती."

"आणि तुझा घणवाला? बघत नाही, सवरत नाही, उडी आधी."

"मारू द्या. आमच्या हरसूलच्या बाजारात ढकलाढकली केल्याबिगर काकडीसुद्धा मिळत नाय."

आणि ती स्वतःच हसायची, रिमोट छातीशी धरून, पार मागे कलंडून. तिच्या हसण्याने माझी बोटं चुकायची आणि मी हरायचे. हरण्यात इतकं सुख असतं हे मला माहेरीही कुणी कळू दिलं नव्हतं. वर वाळणाऱ्या कनातींच्या सावल्या खिडकीच्या गजांवर हलत असायच्या, टीव्हीत नदीकाठचं उंच गवत वाऱ्याने एका बाजूला झुकत असायचं, आणि त्या दोन्ही हालचालींच्या मधोमध आम्ही दोघी बसलेल्या. मैत्रीण हा शब्द जावांमध्ये कुणी वापरत नाही. मीही कधी वापरला नाही.

मग गेल्या श्रावणात सासरे, आप्पा, गेले. आणि दिवाळी उलटल्यावर दोघा भावांनी वेगळं व्हायचं ठरवलं. भांडण मोठं नव्हतं. भांडण मोठं नसलं की वाटणी अधिक काटेकोर होते, हे मी तेव्हा पाहिलं. आमच्यात रीत अशी, की मोठ्या भावाने वाटे घालायचे आणि धाकट्याने त्यातला हवा तो उचलायचा. म्हणजे घालणाऱ्याला लबाडी करता येत नाही. वाटे घालायला सिन्नरचे मामा, माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, मध्यस्थ म्हणून बसले. मांडववाल्यांची वाटणी जोडीने होते. स्वयंपाकाच्या मोठ्या काहिलीसमोर काहील, कनातीसमोर कनात, राजाराणीच्या खुर्च्यांसमोर राजाराणीच्या खुर्च्या. अंगणात समोरासमोर ढीग लागले आणि दीर एकेका जोडीवर बोट ठेवत गेले. एक काहील काठाशी चिरलेली निघाली, तर मामांनी त्या बाजूला दोन झारे जास्तीचे टाकले. इतका न्याय.

शेवटी घरातल्या वस्तू निघाल्या. मामांनी मोठा गेम उचलला, खालून-वरून पाहिला. मग छोटा उचलला. मोठ्याच्या खोक्यावर जे चित्र होतं, तेच छोट्याच्या पडद्यावर उजळलं. तोच टोकदार केसांचा पोरगा, तीच मूठ.

"ह्याच्यात काय हे?" त्यांनी विचारलं.

"तोच खेळ आहे, मामा," आमचे हे म्हणाले.

"आन् त्याच्यात?"

"त्याच्यातही तोच."

"मग झालं की! गेमला गेम." आणि त्यांनी दोन्ही समोरासमोर ठेवले, काहिलीसमोर काहील ठेवावी तसे.

दिरांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी सुनंदाकडे पाहिलं. ती ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती, पदर डोक्यावर. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. त्या अंगणात इतकी माणसं होती आणि त्या दोन वस्तू जोडीच्या नाहीत हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. आदल्या दुपारीच ती मला म्हणाली होती, "काही होऊ द्या ताई, दोन्ही गेम एका ठिकाणीच राहिले पाहिजेत. तुमच्याकडं ऱ्हाऊ देत नायतर माझ्याकडं. दुपारी आपण हायेतच." मी मान हलवली होती. आता तिने बोट वर केलं आणि मोठ्याकडे दाखवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. छोटा आमच्या ढिगावर आला, झाऱ्यांच्या शेजारी.

आठवड्याभरात अंगणात पत्रे उभे राहिले. मांडवाचेच पत्रे, आमच्याच खांबांना तारेने आवळलेले. दोन स्वयंपाकघरांमधल्या दाराला इकडून आम्ही कडी घातली, तिकडून त्यांनी. ती म्हणाली होती, दुपारी आपण हायेतच. मी दुपारची वाट पाहिली. तिने हाक मारली असती तर मी रस्त्याने वळसा घालून गेले असते. हाक आली नाही.

म्हणून मी छोटा घेऊन बसले. आणि त्या आठ-नऊ महिन्यांत मी दोन्हींमधला फरक इतका बारकाईने पाहिला, की तो आता माझ्या डोळ्यांतून जात नाही.

खेळ तोच आहे हे खरं. माणसं तीच, त्यांच्या चाली त्याच, त्याच बटणाने तीच लाथ बसते. पण मोठ्यातलं नदीकाठचं गवत वाऱ्याने झुकायचं, छोट्यात ते उभंच्या उभं आहे, स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यावर असावं तसं. मोठ्यात मुकीच्या झग्याची कड चालताना मागे रेंगाळायची. छोट्यात झगा अंगाला चिकटवल्यासारखा, हातपाय तेवढे हलतात. दोघे लांब गेले की त्यांचे डोळे पुसले जातात आणि कोऱ्या चेहऱ्याची दोन माणसं एकमेकांवर धावतात. घणवाल्याचं हसणं मोठ्यात खोलीभर घुमायचं. इथे डब्यात भुंगा कोंडल्यासारखं येतं. आणि लढाईआधी ते जे एकमेकांशी दोन वाक्यं बोलायचे, ती इथे गाळूनच टाकली आहेत. एक चकती गोल गोल फिरते, बराच वेळ फिरते आणि एकदम मारामारी सुरू होते. मला ती भाषा कुठे येत होती? पण आधी काहीतरी बोलणं झालंय आणि मग हात उचललाय, एवढं तरी असायचं.

सगळ्यात वाईट त्याचा वेग. दोघांनी एकाच वेळी जाळ फेकला की छोट्याला ते झेपत नाही. चित्र धापा टाकतं, क्षणभर थबकतं आणि मग झालेली गोष्ट उशिरा दाखवतं. त्याच्याशी जमवून घ्यायला मी बटण जरा आधी दाबायला शिकले. मार दिसण्याआधीच मारून मोकळं व्हायचं. हळूहळू ती बोटांची सवयच झाली.

अन्याय करू नये, म्हणून चांगलंही लिहिते. तो कुठेही नेता येतो. खिडकीत, गच्चीच्या पायरीवर, गोदामात कनाती उसवत बसलं की मांडीवर. मोठ्यात नसलेले दोन लढवय्ये यात जास्तीचे घातले आहेत. चिरलेल्या काहिलीबरोबर मामांनी दोन झारे टाकले होते, तसेच. मी त्या दोघांना कधी हात लावला नाही.

पण छोट्यात दोघींना बसायला जागा नाही. दुसरीला खेळायचं तर तिच्याकडे दुसरा छोटा हवा. म्हणून समोर यंत्र असतं. मी मुकी घ्यायचे आणि यंत्राला घणवाला द्यायचे. तो घणवाला सुनंदासारखा खेळत नाही. उडी मारायच्या आधी ती नेहमी एक पाऊल मागे घ्यायची, उगाच, विहिरीत उडी टाकणारी पोरं घेतात तसं. त्या पावलावरून मला ती कळायची. यंत्र पाऊल घेत नाही. कलंडत नाही. जिंकलं तरी हसणं तेच, हरलं तरी गप्प बसणं तेच. मी त्याला शेकडो वेळा हरवलं असेल. त्याला हरवण्यात कुणीच हरत नाही.

आणि भिंतीपलीकडून दुपारी मोठ्याचा आवाज यायचा. तिची पोरं त्या वेळी शाळेत. मी छोट्याचा आवाज बंद करून ऐकत बसायचे. कुणाबरोबर खेळत असेल? शेजारची कुणी येत असेल का? माझ्या जागेवर बसत असेल का? एवढं आतून जळणं माझ्या वयाच्या बाईला शोभत नाही, हे मला कळत होतं. तरी मी जळत होते.

आप्पांचं वर्षश्राद्ध या श्रावणात आलं. वेगळं झालेल्यांनी पान कुठे वाढायचं यावर थोडी ओढाताण झाली. मामांनी फोनवरून सांगितलं, यंदा धाकट्याकडे, एकाच चुलीवर. म्हणून मी पत्र्यांना वळसा घालून रस्त्याने त्यांच्या दारात गेले. सुनंदाने पाणी दिलं, "या ताई" म्हणाली, आणि आम्ही वडे थापायला बसलो. सकाळभर तेलाच्या वासात दोघींचे हात चालू होते, बोलणं मात्र मिठाचं, पिठाचं. कावळा पानाला शिवला, पुरुष जेवून गच्चीवर गेले, आम्ही मागाहून जेवलो. मग हात पुसता पुसता ती म्हणाली, "खेळायचं का?"

ती टीव्हीसमोर बसली, मीही बसले. तिने कपाटातून दुसरा रिमोट काढला. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून ठेवलेला होता. रबर ओढलं तर ते ताणलंच नाही, वाळून तुटलं. इतके महिने कुणी तो बाहेर काढला नव्हता.

म्हणजे तीही यंत्राशीच खेळत होती. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मग हाक का मारली नाही, हाच प्रश्न आणखी मोठा झाला.

माणसं निवडायची वेळ आली, तर तिने सरळ मुकीवर बोट थांबवलं.

"ही मीच घेते हल्ली," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "तुम्ही घणवाला घ्या."

मी घेतला. पहिली फेरी मी बघता बघता हरले. माझी बोटं छोट्याच्या चालीवर शिकलेली. मी मारायचे ते आधीच, आणि घण रिकाम्या जमिनीवर आदळायचा. मुकी बाजूला शांत उभी.

"हात बिघडला तुमचा, ताई."

"छोट्यावर बसून बिघडला."

"मग कशाला बसता त्याच्यावर?"

"मोठा कुठे होता माझ्याकडे?"

एवढं मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते. तिने एक बटण दाबून रिमोट खाली ठेवला. चित्र थांबलं.

"मी बोट दाखवलं ते तुम्ही बोलाल म्हणून," ती म्हणाली. "जोड मोडायचा हक्क मोठ्यांचा. ही जोडी लागत नाय, दोन्ही एकीकडंच ठिवा, हे म्हणायला तुम्ही पाह्यजे होता. मी धाकटी. मला नुसतं उचलायचं होतं. मी वाट बघितली ना. तुम्ही च्या घिऊन आत गेल्या."

"तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस."

"बघितलं असतं तर रडू आलं असतं मामांसमोर."

"आणि इतके महिने हाक?"

"मी पोराला दोनदा सांगितलं, मोठ्या आईला सांग, आई बोलवती. ते इसरलं का नाय ठाऊक नाय. तुम्ही आला नाय. मंग म्हटलं, राग हाय." मग रिमोट उचलत ती म्हणाली, "तुम्ही कधी म्होरं येतच नाय, ताई. माणूस थकतं वाट बघून."

खरं असेल. नंतर सुचलेलंही असेल. मला कुठलाही निरोप आला नव्हता, हेही तितकंच खरं. चूक माझी होती असं मी आजही म्हणत नाही. बोट तिचं होतं, पत्रे तिच्या नवऱ्याने आवळले होते. पण तिने पुन्हा बटण दाबलं आणि दुसरी फेरी सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदा मी मुकीला समोरून पाहिलं. आजवर मी तिच्या पाठीशी उभी होते. तिचं गप्प राहणं मला नम्र वाटायचं, लाजरं वाटायचं. समोरून ते तसं दिसत नाही. ती वाकते, काठी टेकते, आणि तुम्ही येण्याची वाट बघत तुमच्याकडे बघत राहते, जणू येणं हे तुमचंच काम आहे. तिला काही नको आहे असं वाटतं. तिला राग आहे असं वाटतं. सुनंदाने माझी एकेक चाल उचलली होती. ती मागे सरकणं, तो खांदा फिरवणं, समोरचा दमेपर्यंत हात आखडून ठेवणं. इतकी वर्षं ही बाई समोर घेऊन ती हसत कशी होती, ते तिचं तिला ठाऊक. मी चिडले. चिडून पुढे धावले, उड्या मारल्या, घण घातला आणि ती फेरी मी जिंकले.

ती हसली नाही. मीही कलंडले नाही.

तिसरी फेरी उरली. नदीकाठ आला, उंच गवत वाऱ्याने झुकायला लागलं. इतक्या दिवसांनी ते हलताना पाहून माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला. मुकी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. ती पुढे आली नाही. या वेळी मीही ठरवलं, जायचं नाही. दर वेळी मीच का, असं तिच्याही मनात असणार. पडद्यावर, वरच्या कडेला, फेरीच्या घड्याळाचे आकडे उतरत होते. गच्चीवरून माझ्या नवऱ्याची हाक आली, "आवरलं का? निघायचंय." आम्ही दोघींनीही मान वळवली नाही. अंगठे बटणांवर, श्वास धरलेले, दोघींच्या डोक्यावरच्या जिवाच्या पट्ट्या भरलेल्या, कुणाला ओरखडासुद्धा नाही.

आकडे संपले. पडदा काळवंडला आणि मधोमध एक शब्द उमटला, त्यांच्या लिपीतला, मोठा, लाल. जिंकल्याचा नव्हे, हरल्याचा नव्हे. ते दोन्ही शब्द आम्ही आकारावरून ओळखत होतो. हा नवा होता. "ह्यो कोणता?" सुनंदाने हळूच विचारलं. इतक्या वर्षांच्या दुपारी गेल्या, पण तो कधी उमटला नव्हता, कारण घड्याळ संपायच्या आत दोघींतली एक नेहमी उडी मारून पुढे आलेली असायची.

मी रिमोट ठेवला, पदर सारखा केला आणि रस्त्याने वळसा घालून घरी आले. दुसऱ्या दिवशी छोटा उघडून बराच वेळ हात न लावता बसून पाहिलं. यंत्र वाट बघत नाही. ते येतं आणि मारतं. तो शब्द छोट्यातही ठेवलाय की बोलण्यासारखा गाळून टाकलाय, हे मला कळलेलं नाही. तो बघायला समोर माणूस लागतं.